एकलव्यानं हात का बदलला नाही?

एकलव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा. द्रोणाचार्यांनी शिकवायला नकार दिला, तेव्हा त्यानं रानात त्यांची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर एकट्यानं सराव केला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले. मग गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला गेला आणि त्यानं तो कापून दिला. गोष्ट इथं संपते असं आपल्याला वाटतं, कारण शाळेच्या पुस्तकात ती इथंच संपते.

महाभारताच्या आदिपर्वात मात्र पुढं आणखी एक बारीकशी नोंद आहे. अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीइतका वेगवान राहिला नाही, असं तिथं सांगितलं आहे. डॉक्टर म्हणून मला ही नोंद सगळ्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्याचा डावा हात शाबूत होता, डावा अंगठाही शाबूत होता. धनुष्य उजव्या हातात धरून दोरी डाव्या अंगठ्यानं ओढायची, इतकाच बदल करायचा होता. तरी त्यानं हात बदलला नाही. हात तोच ठेवला आणि पकड बदलली.

का? हा प्रश्न पुराणातला असला तरी मेडशीतल्या माझ्या दवाखान्यात तो दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतं. थ्रेशरमध्ये बोटं गेलेला तरुण, लकवा मारून उजवी बाजू ढिली पडलेले काका, खांदा आखडल्यामुळं भाकरी थापता न येणाऱ्या मावशी. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, "डाक्टर, आता डाव्या हाताचीच सवय करून घेऊ का?" तीस-चाळीस वर्षं एका हातानं काम केल्यावर दुसरा हात ते काम शिकतो का, आणि शिकत असला तर शिकवावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं शोधायला तिरंदाजीइतकी चांगली जागा नाही, कारण तिथं दोन्ही हात लागतात आणि दोघांची कामं अगदी वेगळी असतात.

आधी अंगठ्याचं पाहू. दोरी ओढायच्या मुख्य दोन रीती आहेत. मध्य आशिया, इराण, तुर्कस्तान आणि आपल्याकडे अंगठ्यानं दोरी ओढत. अंगठा दोरीभोवती आकड्यासारखा वळवायचा आणि तर्जनीनं तो दाबून धरायचा. दोरीनं कातडी सोलू नये म्हणून अंगठ्यात हाडाची, शिंगाची किंवा दगडाची कडी घालत. मुघल बादशहांच्या जेड दगडातल्या अशा कड्या आज संग्रहालयांत आहेत. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, आणि तिरंदाजाच्या अंगठ्यातली कडीही. मराठीत शिस्त या शब्दाचा एक जुना अर्थ नेम असाच आहे. बंदुकीची शिस्त धरणे हा प्रयोग जुन्या पुस्तकांत भेटतो. म्हणजे एकलव्याकडून अंगठा मागितला, तेव्हा बोट नव्हे, शिस्तच मागितली म्हणा ना!

दुसरी रीत बोटांची. तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली, अंगठा मोकळा. युरोपात हीच चालत होती, आणि आज ऑलिंपिकमध्ये सगळे हीच वापरतात. साताऱ्याचा प्रवीण जाधव टोकियोला खेळला तो याच पकडीनं. सातपुड्यातले भिल्ल तीरकामठा चालवताना दोरीला अंगठा लावत नाहीत आणि ते एकलव्याच्या मानासाठी, असं आपल्याकडे सांगतात. मान असेल तो असो. शरीराच्या दृष्टीनं ही पकड दुय्यम मुळीच नाही.

पण एकलव्याला ती नवी होती. अंगठ्याच्या पकडीत उजव्या हातानं ओढणारा माणूस बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतो, बोटांच्या पकडीत डाव्या बाजूला. म्हणजे पकड बदलली की बाणाची बाजू बदलते, हाताची वळण्याची दिशा बदलते, सोडण्याची पद्धत बदलते. वेग कमी झाला ही नोंद त्यामुळंच खरी वाटते. लिहिणाऱ्यानं तिरंदाजी पाहिलेली होती.

आता अर्जुनाकडे येऊ. त्याचं एक नाव सव्यसाची. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण त्याला याच नावानं हाक मारतात. संस्कृतात सव्य म्हणजे डावा (आपल्याकडे जानव्याच्या सव्य-अपसव्यामुळं हा शब्द पार उलटसुलट झाला आहे, तो भाग सोडा). सव्यसाची म्हणजे डाव्या हातानंही बाण मारू शकणारा. विराटपर्वात उत्तराला आपल्या दहा नावांचा अर्थ सांगताना अर्जुन म्हणतो की गांडीव ओढायला माझे दोन्ही हात उजवेच आहेत. दक्षिण या शब्दाचा अर्थ उजवा, आणि कुशलही. दोन्ही हातांनी धनुष्य चालवणाऱ्यांचं हे कौतुक फक्त आपल्याकडेच नाही. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाकडे आलेल्या बेन्यामीन वंशातल्या योद्ध्यांचं वर्णन आहे, ते डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी गोफण आणि बाण चालवत. अशा माणसांचं मुद्दाम वर्णन होतं, याचाच अर्थ ती दुर्मिळ होती.

दुर्मिळ का, ते शरीर सांगतं. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा डावा हात धनुष्य धरतो आणि पुढं ढकलतो. त्याला हलायचं नसतं. खांदा, कोपर, मनगट एका रेषेत कुलूप लावल्यासारखं ठेवायचं. उजवा हात दोरी ओढतो, आणि ओढतो ते दंडाच्या जोरावर नव्हे, तर पाठीच्या, दोन फऱ्यांमधल्या स्नायूंच्या जोरावर. मग एका क्षणी बोटं सैल सोडायची. हात बदलायचा म्हणजे फक्त उजव्याचं काम डाव्याला शिकवणं नाही. डाव्यानं वर्षानुवर्षं जे स्थिर राहणं शिकलेलं असतं, ते उजव्याला शिकवायचं, आणि डाव्याकडून ते विसरवून घ्यायचं. दोन हातांच्या दोन बदल्या एकाच वेळी.

शिवाय हाडंसुद्धा कामाप्रमाणं घडतात. इंग्लंडचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज 1545 साली पोर्ट्समथजवळ बुडालं आणि 1982 साली समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभरावर धनुष्यं, हजारो बाण आणि खलाशी-सैनिकांचे सांगाडे सापडले. खांद्याच्या फऱ्याच्या हाडाचं जे टोक आपल्याला वरून हाताला लागतं, ते साधारण 18 ते 25 वर्षांच्या दरम्यान मूळ हाडाला जुळतं. मेरी रोझवरच्या बऱ्याच जणांत ते जुळलेलंच नव्हतं, नेहमीच्या लोकसंख्येत दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त जणांत. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळं असं झालं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पंचवीस वर्षांचा सराव हा असा हाडात उतरलेला असतो. तुमच्या खांद्यातही तो आहे, धनुष्याऐवजी कुऱ्हाडीचा किंवा फवारणीच्या पंपाचा.

तरीही अनुभवी तिरंदाज हात बदलतात. पारंपरिक धनुष्यावर नेम धरायला काच किंवा पिन नसते. बांबूच्या साध्या कामठ्याला डावं-उजवं नसतं, तो कोणत्याही हातात धरा. त्यामुळं हात बदलायला खर्च काही नाही. आजच्या स्पर्धेच्या धनुष्याचं तसं नाही. त्याची मूठ एका हातासाठीच घडवलेली असते आणि हात बदलायचा तर हजारो रुपयांचं सामान नव्यानं घ्यावं लागतं. 2023 साली बर्लिनला जगज्जेते झालेले आपले नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी वापरतात ती कंपाऊंड धनुष्यं. त्यांची दोरी तर बोटांनीही सोडत नाहीत, हातात धरलेल्या एका छोट्या यंत्रानं सोडतात.

हात बदलण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं, खांद्याची दुखापत. दुसरं, डोळा. तिसरं, ज्याला तिरंदाज टार्गेट पॅनिक म्हणतात ते. त्यातला डोळा तुम्ही आत्ता घरबसल्या तपासू शकता.

दोन्ही हात समोर लांब करा. दोन्ही तळव्यांच्या मध्ये एक लहान तिकोनी खिडकी राहील असे ते एकमेकांवर ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबची एखादी वस्तू पाहा, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ म्हणा. आता हात न हलवता आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. एक डोळा मिटल्यावर घड्याळ जागेवर राहील आणि दुसरा मिटल्यावर खिडकीतून गायब होईल. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहिलं, तो तुमचा नेमाचा डोळा. इटलीच्या जिआम्बातिस्ता देल्ला पोर्ता यानं 1593 साली छापलेल्या पुस्तकात ही गोष्ट लिहून ठेवली आहे. उजव्या हाताच्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा नेमाचा डोळा डावा असतो. हा आजार नाही आणि चष्म्याच्या नंबरशी त्याचा संबंध असेलच असं नाही. पण साध्या धनुष्यावर बाण डोळ्याखाली येतो. हात उजवा आणि डोळा डावा असेल, तर बाण एकीकडे आणि नजर दुसरीकडे. अशा माणसाला वर्षानुवर्षं सराव करूनही नेम का लागत नाही ते कळत नाही. मग कुणीतरी सांगतं, अरे, डाव्यानं ओढून बघ. हात बदलण्याचं हे कारण चांगलं आहे, पण ते जितकं लवकर कळेल तितकं बरं.

दुसरा हात शिकतो का, याचं उत्तर हो आहे. तुम्हीच करून बघा. डाव्या हातानं आपली सही करा. वेडीवाकडी येईल, पण अक्षराचं वळण तुमचंच असेल. पायाच्या अंगठ्यानं वाळूत नाव लिहिलं तरी तेच. म्हणजे लिहिण्याची विद्या नुसती मनगटात नसते. तिचा आराखडा मेंदूत असतो आणि हात हा तो वठवणारा कारागीर. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका हाताला सुई बारीक भोकात न थरथरता धरण्याचा आणि मूठ आवळण्याचा सराव दिला. काही दिवसांनी ज्या हातानं काहीच केलं नव्हतं, तोही सुधारलेला दिसला. आज फिजिओथेरपीत याचा उपयोग होतो. एक हात प्लास्टरमध्ये असेल तर दुसऱ्याला व्यायाम द्या, प्लास्टरमधला थोडा कमी झिजतो.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातला क्रिकेटपटू अक्षय कर्णेवार लहानपणी उजव्या हातानं ऑफस्पिन टाकायचा. फलंदाजी आणि चेंडू फेकणं मात्र डाव्या हातानं. हे प्रशिक्षकाच्या लक्षात आलं आणि त्यांनी डाव्या हातानं गोलंदाजी करून बघायला सांगितलं. पुढं तो दोन्ही हातांनी टाकू लागला, आणि 2017 साली चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्यानं तसं टाकूनही दाखवलं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याचा डावा हात अडाणी नव्हताच, तो फेकायला शिकलेला होता.

याहून कठीण उदाहरण हंगेरीच्या कारोली ताकाच याचं. तो सैन्यात होता आणि पिस्तुलाचा उत्तम नेमबाज होता. 1938 साली सदोष हातबॉम्ब उजव्या हातात फुटला आणि नेमबाजीचा हात गेला. वय 28. इस्पितळातून आल्यावर त्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव सुरू केला आणि 1939 साली हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्ध आलं. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं, आणि 1952 साली हेलसिंकीत पुन्हा. लोक याला जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात आणि ती आहेच. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. पिस्तूल एका हाताचं हत्यार आहे, त्यात दोन हातांच्या कामांची अदलाबदल नाही. आणि त्याच्यापुढं दुसरा मार्गच नव्हता. उजवा हात निकामी झाला होता, वाट बघण्यात अर्थ नव्हता.

महात्मा गांधींचं वेगळं. नोव्हेंबर 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी दहा दिवसांत हिंद स्वराज्य लिहून काढलं. उजवा हात दुखला की डाव्यानं लिहीत. 275 पानांपैकी सुमारे 40 पानं डाव्या हाताची आहेत. नंतरही ते गरजेप्रमाणं डाव्या हातानं लिहीत राहिले. त्यांनी हात बदलला असं म्हणता येणार नाही, त्यांनी हाताला विश्रांती दिली. माझ्या मते सामान्य माणसानं उचलावी अशी ही सर्वांत चांगली रीत आहे. उजवा खांदा दुखतो म्हणून झाडू, बादली, पाण्याचा हंडा अधूनमधून डाव्याकडे द्या. पण उजवा पूर्ण बंद करू नका. विशेषतः मधुमेह असलेल्यांनी तर नाहीच, कारण मधुमेहात न वापरलेला खांदा पाहता पाहता आखडतो आणि मग तो सोडवायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

विद्या दुसऱ्या हाताकडे जाते, तशी खोडही जाते. हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते इटलीच्या बर्नार्डिनो रामात्सिनी या डॉक्टरनं. कोणत्या धंद्यानं कोणता रोग होतो यावरचं त्याचं पुस्तक 1700 साली आलं, आणि 1713 च्या वाढीव आवृत्तीत त्यानं लेखनिकांवर एक प्रकरण घातलं. त्याच्या ओळखीचा एक दस्तलेखक होता. जन्मभर लिहून लिहून त्याचा उजवा हात आधी थकू लागला, मग लुळा पडला. त्यानं नेटानं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. थोड्याच दिवसांत डाव्यालाही तेच झालं. या दुखण्याला आज आपण रायटर्स क्रॅम्प म्हणतो. यात हात बाकी सगळी कामं करतो, फक्त पेन धरलं की बोटं वाकडी होतात, आवळतात. बिघाड हाताच्या स्नायूत नसून हालचालीचा आराखडा आखणाऱ्या मेंदूच्या भागात असतो. म्हणून हात बदलून काहींना सुटका मिळते, आणि काहींना तो आजार दुसऱ्या हातात गाठतो.

टार्गेट पॅनिक याच्याच जवळचं दिसतं. वीस वर्षं सराव केलेला तिरंदाज निशाणावर नजर जाताच दोरी सोडून बसतो, किंवा उलट, सोडायची वेळ झाली तरी बोटं उघडत नाहीत. निशाण नसेल, तर तोच माणूस बाण सुरळीत सोडतो. काही जण यावर उपाय म्हणून हात बदलतात. नव्या हाताला ती वाईट सवय नसते, तो शिकाऊ असतो, विचार करून एकेक पायरी करतो. त्यामुळं सुरुवातीला फार बरं वाटतं. पण मूळ कारण घाई आणि धास्ती असेल, तर नवा हात तरबेज झाल्यावर तीही परत येऊ शकते.

आता एकलव्याचा निर्णय बघा. त्याचा उजवा हात गेला नव्हता. खांदा, पाठ, मनगट, चार बोटं, वर्षानुवर्षं घोटलेली ओढ, नेमाचा डोळा, सगळं जागेवर होतं. हात बदलला असता तर हे सगळं सोडून द्यावं लागलं असतं, एका अंगठ्यापायी. म्हणून त्यानं गेलं तेवढंच बदललं. वेगात तोटा झाला, पण तिरंदाजी राहिली. कथेतल्या माणसाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण आज तो रुग्ण म्हणून आला असता, तर मी त्याला हेच सुचवलं असतं.

लकव्याच्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो. उजवी बाजू गेली की घरचे लगेच चमचा डाव्या हातात देतात. प्रेमानंच देतात. पण पहिल्या काही महिन्यांत मेंदू नवे रस्ते शोधत असतो. त्या काळात उजव्याला कामच दिलं नाही, तर तो न वापरणंच शिकतो. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञानं यावरून उपचार काढला. चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवायचा आणि दोन आठवडे अधू हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं. लकवा होऊन 3 ते 9 महिने झालेल्या 222 रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली आणि 2006 साली निष्कर्ष छापले गेले. नेहमीची काळजी मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांचा हात चांगला सुधारला, आणि वर्षानंतरही फरक टिकला. अट अशी, की मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता आली पाहिजेत. हात अगदीच लुळा असेल तर हा उपाय लागू होत नाही, आणि तोल जाणाऱ्या माणसानं तो घरच्या घरी करायचा नाही. फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा. पण चमचा डाव्या हातात देण्याआधी एकदा उजव्यात देऊन बघा. चमच्याच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून जाड करा. पकड बदला, हात बदलू नका.

सोयाबीनच्या हंगामात थ्रेशर आणि वर्षभर कडबाकुट्टी, यांच्यामुळं अंगठे जातात. अंगठ्याचं मोल कायद्यानंही ओळखलं आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात एका अंगठ्याचं नुकसान 30 टक्के धरलं होतं, तेवढंच जेवढं एकाच हाताच्या तीन बोटांचं. पूर्ण तुटलेला अंगठा जोडायची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमध्ये 1965 साली झाली. 1968 साली इंग्लंडमध्ये पायाचा अंगठा काढून हाताला बसवला गेला. म्हणून अंगठा तुटला तर घाबरून तो शेतात टाकून येऊ नका. तुकडा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, पेशी मरतात. जखमेवर घट्ट दाबून कापड बांधा, हात उंच धरा. हळद, चुना, डिझेल काही लावू नका. रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन जिथं असतील तिथं आधी फोन करून तडक निघा. सहा तासांच्या आत पोचलात तर उत्तम. थंड ठेवलेला अंगठा त्याहून जास्त वेळही टिकतो, म्हणून उशीर झाला तरी तुकडा सोबत न्याच.

डावखुऱ्या मुलांबद्दल पालक विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. पाटीवर डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाचा हात कुणी बदलू नये. तिथं काहीही गेलेलं नाही, मग बदलायचं काय? सचिन तेंडुलकर डाव्या हातानं लिहितो आणि उजव्या हातानं खेळतो. कोणत्या कामाला कोणता हात, ते मुलाचा मेंदू ठरवतो.

राहिले ते, ज्यांचा हात खरोखरच गेला आहे, किंवा मज्जातंतू तुटल्यामुळं परत येणार नाही असं तज्ज्ञानं सांगितलं आहे. त्यांनी मात्र वाट पाहू नये. ताकाचसारखं लगेच सुरू करावं. आधी मोठ्या हालचाली, जसं दार उघडणं, तांब्या उचलणं, केस विंचरणं. मग चमचा, मग बटणं, लिहिणं सर्वांत शेवटी. एकदम तासभर बसण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं बरी, कारण थकलेला हात चुकीचंच गिरवतो. कोयता, विळा आणि कुट्टी यंत्राला नवशिक्या हातानं पहिले काही महिने शिवू नये. बहुतेकांना जेवण्याइतपत हात काही आठवड्यांत येतो, अक्षर वाचता येण्याजोगं व्हायला महिने लागतात. आणि नवी सही जमली की आधी बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्या. ती होईपर्यंत पैसे काढायला अंगठा चालतो, कोणत्या हाताचा ते बँकेला आधी विचारून घ्या.